पत्र्यावरची चूल

मी फक्त एक चूल पत्र्यावर ठेवायची ठरवलं होतं. तीही माझी नव्हे, शेजारच्या चंद्राआत्यांची. आता एवढ्याशा गोष्टीपायी बावीस घरांची आळी, पुण्याहून आलेल्या मॅडम आणि माझी स्वतःची बायको एकाच वेळी माझ्या तोंडाकडं बघत उभी राहतील, हे कुणाला सुचणार होतं? (बायकोला सुचलं असतं. पण तेव्हा मला तिला विचारायची सवय नव्हती. आता लागली आहे.)

आधी माझी ओळख करून देतो. मी गेणू. शिक्षण दहावीच्या दारापर्यंत. आत जायचं राहिलं. नोकरी लोणी देवकरला एका कंपनीच्या गेटवर, पहिल्या पाळीला. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव, गाव, काम आणि गाडीचा नंबर वहीत लिहायचा, डिकी उघडायला लावून आत डोकवायचं. पंधरा वर्षं हे केल्यावर माणसाला घरी येऊन स्वभाव खुंटीला टांगता येत नाही. आळीत कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या पिशवीत कोंबडी आहे, कुणाच्या घरात कालपासून अबोला आहे, हे मला आपोआप कळतं. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. मी शेजारधर्म म्हणतो.

त्यामुळं सरकारी योजनेतून पुण्याच्या माणसांनी आमच्या आळीत नव्या चुली वाटल्या आणि "आळीचा प्रतिनिधी कोण?" असं विचारलं गेलं, तेव्हा एकवीस घरांनी माझ्याकडं बोट केलं. (बाविसावं घर माझंच. तिथून बोट आलं नाही. बायकोनं कपाळाला हात लावला होता.)

चूल मात्र बघण्यासारखी. स्टीलची, चकचकीत, आत जाळी. अर्ध्या लाकडात तेवढ्याच भाकरी, आणि धूर नावाला. सिलिंडर तसा आमच्यात सगळ्यांकडं आहे. पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, आंघोळीचं पाणी, कडधान्य हे सगळं चुलीवरच. या नव्या चुलीच्या अंगाला काडेपेटीएवढी एक काळी डबी बसवलेली. चूल तापली की डबी जागी होते, निवली की झोपते. महिन्याच्या शेवटी पुण्याच्या मॅडम येणार, मोबाइल डबीजवळ धरणार आणि चूल किती पेटली ते काढणार. नवी चूल जेवढी पेटली, तेवढा जुनीचा धूर वाचला, असा हिशोब.

आता पुण्याच्या माणसांना आमच्या चुलीची एवढी काळजी कशाला, असं आळीनं मला विचारलं. मी सगळ्यांना कॅनॉलच्या पाण्यावरून समजावलं. "हे बघा, पाण्याचे तास ठरल्यालं असत्यात का न्हाय? एखाद्याला जादा पाणी लागलं, तर दुसऱ्यानं सोडल्यालं तास घ्यावं लागत्यात. तसं सरकारनं मोठ्या कारखान्यांना धुराची हद्द आखून दिली. हद्दीच्या वर गेला, तर ज्यानं धूर वाचवला त्याच्याकडनं वाचलेला धूर कागदावर घ्यायचा. आपली आळी धूर वाचवणार. त्याचा कागद व्हणार. त्याच्या बदल्यात पुढच्या टप्प्यात, ज्याच्या दावणीला जनावर त्याच्या दारात गोबरगॅस."

मॅडमनी नंतर सांगितलं की मी सांगितलं ते साधारण बरोबर आहे. (साधारण हा शब्द मी घरी सांगताना गाळला.)

अट एकच होती. बावीसच्या बावीस चुली रोज पेटताना दिसल्या पाहिजेत. एक घर जरी खोटं निघालं, तर सगळी आळी बाद.

आणि गोबरगॅसची खरी गरज कुणाला असेल तर ती चंद्राआत्यांना. वय सत्तर, घरात एकटी, दारात एक गाय आणि तिची कालवड. नात स्वप्नाली बारामतीला नर्सिंगला, शनिवार-रविवारची येते. गेल्या साली आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुराजवळ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण मग भाकरी कोण करणार? डॉक्टर काही पळसदेवच्या अलीकडं, आमच्या आळीत येऊन थापणार नव्हते.

एप्रिल सुरू झाला. मॅडम यायला तीन आठवडे राहिले होते. प्रतिनिधी म्हणून मी आळीत फिरून प्रत्येकाची चूल बघायचं ठरवलं. माझी एक पद्धत आहे, ती सांगून ठेवतो. हातात रिकामी वाटी घ्यायची. रिकामी वाटी घेतलेल्या माणसाला कुणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. "विरजण हाय का?" म्हणायचं आणि विरजण येईपर्यंत सगळं बघून घ्यायचं.

आत्यांच्या घरात शिरलो तर सगळीकडं धूर. आत्या जुन्या मातीच्या चुलीपुढं बसलेल्या, पदरानं डोळे पुसत.

"आत्या, नवी चूल कुठंय?"

"हाय की. आत हाय."

"आत कुठं?"

आत्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं लोखंडी खाटेवर स्वप्नालीच्या लग्नाचं रुखवत मांडून ठेवलं होतं. लग्न वैशाखात. मोत्यांचे रुमाल, लोकरीची बाहुली, डब्यांची उतरंड, आणि सगळ्यांच्या मधोमध, प्लॅस्टिक न काढलेली, कपाळाला हळदीकुंकू लावलेली सरकारी चूल.

"आत्या! ही रुखवतात?"

"मग काय तर! सोफा सगळीच देत्यात. कपाट सगळीच देत्यात. असली चूल आमच्या भावकीत कुणी दिली का सांग?"

"अवो, ती पेटवायची हाय!"

"पेटवली तर काजळी न्हाय का लागायची? काजळीची चूल मांडू रुखवतात? व्याही काय म्हणंल?"

"आणि तुमचा गोबरगॅस?"

आत्यांनी पदर डोळ्याला लावला. डोळे तर आधीच वाहत होते, त्यामुळं रडतात की धुरानं ते मला कळेना. मग हळूच म्हणाल्या, "गेणू, मला दोन्ही पायजे रं."

आता सांगा, शेजारी म्हणून मी काय करायला हवं होतं? स्वप्नालीला फोन करायला हवा होता, असं सगळे म्हणतात. पण ते सगळे नंतर म्हणतात.

मी विचार करत बाहेर आलो. आत्यांच्या पत्र्यावर कुरडया वाळत होत्या. एक तुटकी कुरडई खाऊन बघावी म्हणून मी शिडीवर चढून पत्र्यावर हात टेकला, आणि बोंबललोच! हात भाजला होता. आणि तिथंच, शिडीवर बोट चोखता चोखता, मला सुचलं. डबीला काय पाहिजे? ताप पाहिजे. तो लाकडाचा की सुर्व्याचा, हे डबीला कोण सांगणार?

"आत्या, काजळी लागणार न्हाय. चूल पेटवायचीच न्हाय. रोज सकाळी मी पत्र्यावर ठीवणार, रोज सांजच्याला उतरवणार. डबी म्हणंल चूल पेटली."

"आणि चूल?"

"हाय तशी. फडक्यानं पुसून परत बाहुलीशेजारी."

आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गेणू, तुझ्या डोक्याला तोड न्हाय." (हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. पुन्हा कुणी म्हणेलसं वाटत नाही.)

तर एकवीस दिवस हा कार्यक्रम चालला. पहाटे पाळीला जायच्या आधी मी शिडीवर. संध्याकाळी परत शिडीवर. मध्ये दिवसभर चूल कुरडया, पापड आणि सांडग्यांच्या मधोमध बसलेली. बायकोनं, संजीवनीनं, दोनदा विचारलं, "अवो, पहाटंचं आत्यांच्या पत्र्यावर काय करताय?" मी म्हणालो, "ऊन बघतोय." पहाटे पाच वाजता. तिनं पुढं विचारलं नाही. तिची एक पद्धत आहे. ती तिसऱ्यांदा विचारत नाही, साठवून ठेवते.

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला. मॅडम आल्या, नाव स्वरूपा. वयानं लहान, बोलायला गोड, पण नजर अशी की माझ्या गेटवर नोकरीला असत्या तर कंपनीची टाचणी बाहेर गेली नसती. घरोघर जाऊन त्यांनी मोबाइल डबीला लावला. बरोबर, बरोबर, बरोबर. सगळी आळी मागं मागं. अशी एकोणीस घरं झाली आणि आत्यांचं घर आलं. चूल मी सकाळीच प्लॅस्टिक काढून, हळदीकुंकू पुसून ओट्यावर आणून ठेवली होती.

मॅडमनी मोबाइल धरला, बघितलं, परत धरला.

"आजी, घरात किती माणसं?"

"मी एकलीच बया."

"मग रोज साडेआठ तास चूल कशासाठी पेटते?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो.

"हुलगं, मॅडम. हुलगं शिजायला येळ लागतो."

"साडेआठ तास?"

"जुनं हायती."

"रोज हुलगे?"

"आत्यांना आवडत्यात."

"न्हाय बा," आत्या म्हणाल्या, "मला पित्त व्हतं." मी त्यांना डोळ्यानं खुणावलं, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना खूण लवकर दिसत नाही.

मॅडम मोबाइलवरची रेघ बघत होत्या. "चूल रोज सकाळी हळूहळू तापते, दुपारी दोनला सगळ्यात जास्त, संध्याकाळी हळूहळू निवते. आणि बारा तारखेला दुपारी एकदम थंड. काय झालं होतं त्या दिवशी?"

त्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. आळीतल्या सगळ्या बायका कुरडया उचलायला पत्र्यावर धावल्या होत्या आणि चूल भिजली होती.

"उपास," मी म्हणालो. "बारा तारखेला आत्यांचा उपास व्हता."

"अर्धाच दिवस?"

"दुपारपासनं धरला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चुलीवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. आत हात घातला आणि आतून एक कागद सोलून बाहेर काढला. पांढराशुभ्र, कोपरासुद्धा न जळलेला. त्यावर छापलं होतं: 'चूल पेटवण्यापूर्वी हा कागद काढून टाकावा.'

सगळी आळी माना वाकवून तो कागद वाचायला लागली. गाय तेवढी रवंथ करत होती.

"गेणूभाऊ," मॅडम म्हणाल्या, "हे रीडिंग मी पाठवलं असतं, तर न वाचलेला धूर वाचला म्हणून लिहिला गेला असता. आणि तेवढा धूर कुणीतरी कारखाना हक्कानं सोडत बसला असता. कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. कॅनॉलचं उदाहरण माझंच होतं. न सोडलेले तास सोडले म्हणून सांगायचे आणि खालच्या माणसानं त्या भरवशावर शेतात दारं धरून पाण्याची वाट बघत बसायचं, त्यातला प्रकार. पण आपलंच उदाहरण आपल्याच अंगावर येईल असं उदाहरण देताना वाटत नाही.

मॅडमनी फाइल उघडली. सगळी आळी बाद होणार, हे एकेकाच्या तोंडावर दिसायला लागलं. तेवढ्यात चंद्राआत्या पुढं आल्या.

"थांब बाय. ह्येचा काय बी दोष न्हाय." (इथं मला भरून आलं.) "ह्येला अक्कल कमी हाय, पर काळीज चांगलं हाय." (इथं ओसरलं.) "चूल मी रुखवताला ठिवली व्हती. मला नातीच्या लग्नात मान पायजे व्हता, आणि डोळ्याला गोबरगॅस बी. पत्र्यावर उन्हात ठिवायला बी मीच हो म्हणलं. माझं घर काढून टाक. बाकीच्यांवर राग धरू नगंस."

स्वप्नाली त्या दिवशी घरीच होती. ती आतून आली, कमरेवर हात. "आजी, मला इंडक्शन घ्यायचंय. चूल कशाला रुखवतात? तुझं डोळं गेलं तर त्या मानाचं काय लोणचं घालू? आणि गेणूमामा, तुमी मला एक फोन न्हाय का करायचा?"

(हेच ते, सगळे नंतर म्हणतात ते.)

मॅडम जरा निवल्या. "सही व्हायच्या आधी घरमालकिणीनं स्वतः सांगितलं, म्हणून एवढं एक रीडिंग मी रद्द करते. आजींनी आजपासून चूल पेटवावी, पुढच्या तपासणीत त्यांचं घर धरलं जाईल. पण आता बाकीच्या घरांवर विश्वास कसा ठेवू? प्रतिनिधीचंच घर नीट बघते. ते खरं निघालं तर आळी खरी."

माझी छाती पुन्हा फुगली. माझ्या घरची चूल! काळीकुट्ट, रोज दोन वेळा पेटणारी. मी सगळ्यांना हातानं बोलावत पुढं चाललो.

मॅडमनी मोबाइल लावला. "पहाटे साडेचार, पाणी आणि भाकरी. बरोबर. संध्याकाळी सात. बरोबर." मग थांबल्या. "आणि हे काय? रोज दुपारी पावणेतीनला, वीस मिनिटं. रविवार सोडून."

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही विचारू नये अशी इच्छा केली.

डबी नुसते तास मोजते असं मी समजत होतो. ती वेळ पण लिहून ठेवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. त्या बैठकीत मी शेजारच्याची पिशवी बघत होतो.)

"ताई, दुपारी तुम्ही काय करता?" मॅडमनी संजीवनीला विचारलं.

"पावणेतीनला मी मिरचीच्या प्लॉटात असती," संजीवनी म्हणाली, अगदी सावकाश. "चारला येती. पावणेतीनला घरात हे असत्यात. पाळी सुटून आल्यालं."

मॅडमची नजर पुन्हा कडक झाली. "गेणूभाऊ, हीपण उन्हात ठेवत होता का? खरं सांगा. खरा जाळ असेल तर आळी पास. नसेल तर मला सगळंच रद्द करावं लागेल."

एकीकडं एकवीस घरं आणि आत्यांचे डोळे. दुसरीकडं मी.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. गेल्या वर्षापासून मला शुगर आहे. घरात साखर कारखान्याच्या सभासदाला मिळणारी साखर पोत्यानं पडलेली आणि मला चहा कडू. संजीवनीनं गोडाचं नाव काढायचं नाही असं ठरवलेलं. सिलिंडर कधी लावला ते ती कॅलेंडरवर लिहिते, चार दिवस आधी संपला तर चौकशी बसते. लाकडं मात्र ती मोजत नव्हती.

"जाळ खरा हाय, मॅडम," मी म्हणालो.

"कशाचा?"

"शिऱ्याचा."

"कसल्या?"

"रव्याच्या," मी म्हणालो. "साजूक तुपातल्या."

"पुरावा?"

मी गोठ्यात गेलो. कडब्याच्या गंजीमागून छोटी कढई काढली, रव्याचा डबा काढला, तुपाची बरणी काढली आणि साखरेची पुरचुंडी काढली. सगळी आळी बघत होती. पंधरा वर्षं लोकांच्या डिक्या उघडल्या. त्या दिवशी माझी उघडली. कढईच्या बुडाला काजळी होती, खरी, लाकडाच्या जाळाची. मॅडमनी बोट लावून बघितलं.

"आळी पास," त्या म्हणाल्या. "आणि गेणूभाऊ, इतकी वेळेवर पेटणारी चूल मी तालुक्यात बघितली नाही."

आळीनं टाळ्या वाजवल्या. संजीवनीनं वाजवल्या नाहीत. ती तुपाची बरणी उजेडात धरून किती संपलंय ते बघत होती.

त्याच दुपारी आत्यांची चूल पहिल्यांदा पेटली. धूर नावाला. आत्या तिच्यापुढं बसल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, हे मी स्वतः बघितलं. पहिला मान गोडाचा म्हणून माझ्याच कढईत, माझ्याच रव्याचा, माझ्याच तुपातला शिरा झाला. मॅडमना दिला, आळीला दिला, स्वप्नालीनं दोनदा घेतला. मला संजीवनीनं काकडी दिली.

प्रतिनिधीपद आता चंद्राआत्यांकडं आहे. गोबरगॅसच्या यादीत त्यांचं नाव लागलंय आणि गोठ्यामागं खड्डाही खणून झालाय. माझ्यापुरतं प्रकरण संपलं असं मी धरून चाललो होतो, तेवढ्यात पुढच्या तपासणीचं रीडिंग पुण्याला गेलं आणि मॅडमचा फोन आला. फोन संजीवनीनं उचलला. आमच्या चुलीचं रीडिंग रोज वीस मिनिटांनी कमी आलंय, आळीची सरासरी खाली येतेय, दुपारचा जाळ बंद का झाला, असं त्या विचारत होत्या.

"उद्यापासनं चालू व्हईल," संजीवनी म्हणाली.

तेव्हापासून रोज पावणेतीनला मी चूल पेटवतो. वीस मिनिटं मोजून मेथ्यांचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा काढा उकळतो. बरोबर त्याच वेळेला चंद्राआत्या दारात येतात, हातात रिकामी वाटी. "विरजण हाय का रं, गेणू?" म्हणतात आणि मी पेल्याचा तळ दाखवेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाहीत.

परवा मॅडमचा मेसेज आला. आमच्या घरचं रीडिंग तालुक्यात पहिलं आहे. असंच चालू ठेवा.